जेथून शारदा सीमोल्लंघनास निघते

आश्विनाची चाहूल लागली की महाराष्ट्रातील घरोघरी देव्हारे उजळतात. परडीतल्या काळ्या मातीत धान्य रुजते, घटावर रोज एक माळ चढते, आणि नंदादीप नऊ दिवस अखंड तेवावा म्हणून घरातील वडीलधारी स्त्री रात्री उठून वात सारीत राहते. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. दशमीला पाटीवर सरस्वती काढून तिला गंधफूल वाहिले जाते, आणि तिसऱ्या प्रहरी शिवेबाहेर जाऊन सोने लुटले की सण सुफळ झाला असे आपण मानतो. शस्त्र, शारदा आणि सीमोल्लंघन अशी ही दसऱ्याची तीन अंगे आहेत. आपल्याकडे ती तीन निरनिराळ्या विधींत वाटली गेली आहेत. परंतु भारताच्या दक्षिण टोकाशी एक राजवाडा असा आहे की जेथे ही तिन्ही अंगे एकाच मिरवणुकीत एकत्र येतात. राजाची तलवार पुढे, तिच्या मागोमाग हत्तीवर आरूढ झालेली सरस्वती, आणि वाटेत ओलांडायची दोन राज्यांची सीमा. त्या राजवाड्याचे नाव पद्मनाभपुरम. आज तो राजवाडा नाही, वस्तुसंग्रहालय आहे. दारावर तिकीट घेऊनच आत जावे लागते. तरीही वर्षातून एकदा त्याच दारातून देवी वाजतगाजत बाहेर पडते. वाचकहो, या नवरात्राच्या निमित्ताने आम्ही आपणांस त्या वाड्यात घेऊन जाऊ इच्छितो.

कन्याकुमारीच्या वाटेवर

कन्याकुमारीची यात्रा महाराष्ट्राला परकी नाही. समुद्रातील विवेकानंद शिलास्मारक १९७० साली उभे राहिले ते एकनाथजी रानडे यांच्या अथक परिश्रमांतून, आणि तेव्हापासून मराठी यात्रेकरूंची पावले तिकडे अधिकच वळू लागली. तीन सागरांचे दर्शन घ्यावे, कुमारिकेच्या चरणी मस्तक ठेवावे, शुचींद्रमला थांबावे आणि तिरुवनंतपुरमला अनंतशयनाच्या दर्शनास जावे, असा हा क्रम. या शेवटच्या टप्प्यावर तक्कलै नावाचे गाव लागते. तेथून मुख्य रस्ता सोडून थोडे आत वळले की पद्मनाभपुरम येते. कन्याकुमारीहून हे अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर आणि तिरुवनंतपुरमहून सुमारे पंचावन्न. कित्येक यात्रेकरूंच्या गाड्या या वळणावरून न थांबता निघून जातात. सोमवारी वाडा बंद असतो, हे मात्र जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

वाडा वेळीच्या डोंगरांच्या पायथ्याशी, दगडी तटबंदीच्या आत वसला आहे. हे डोंगर म्हणजे आपल्याच सह्याद्रीचे अखेरचे वंशज. नाशिक-पुण्याच्या माथ्यावर जो कडा आपण पाहतो, तोच येथे समुद्राच्या निरोपास आल्याप्रमाणे सौम्य झाला आहे. त्यामुळे कोकणच्या माणसाला येथे परके वाटत नाही. तीच उतरती कौलारू छपरे, तीच माडांची दाटी आणि तोच पावसाळी हिरवेपणा. राजवाडा म्हटला की संगमरवर, घुमट आणि आरसेमहाल ज्यांच्या डोळ्यांपुढे येतात, त्यांना येथे वेगळेच राजवैभव दिसते. ते प्रायः लाकडाचे आहे. फणस, साग अशा वृक्षांनी जणू राजाला आपल्या सावलीत घेतले आहे.

या स्थळाचे जुने नाव कल्कुळम. १६०१ च्या सुमारास इरवि वर्मा कुलशेखर पेरुमाळ यांनी येथे वाडा बांधला असे सांगतात. पुढे १७२९ ते १७५८ या काळात राज्य केलेल्या मार्तंड वर्मा महाराजांनी त्याची पुनर्रचना केली आणि आपल्या कुलदैवताच्या नावाने या नगरीला पद्मनाभपुरम हे नाव दिले. त्रावणकोरचे राज्य खऱ्या अर्थाने उभे केले ते याच राजाने. १७४१ साली कोळच्चल येथील लढाईत त्याने डच कंपनीच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईत हाती लागलेला द लॅनॉय हा डच सेनानी पुढे याच राजाच्या चाकरीत राहिला, त्याने येथल्या सैन्याला शिस्त लावली, आणि जवळच्या उदयगिरीच्या किल्ल्यातच त्याची समाधी आहे.

अनवाणी पावलांनी

या संग्रहालयाचा पहिला नियम आम्हांस फार भावला. पादत्राणे बाहेर ठेवूनच आत जावे लागते. जुन्या भूमीचे रक्षण व्हावे हा त्यामागील हेतू उघड आहे. परंतु अनवाणी पाऊल त्या थंड, काळ्याभोर, आरशासारख्या जमिनीवर पडते तेव्हा मन आपोआप देवळाच्या मर्यादेत येते. ही जमीन करवंट्या जाळून केलेली पूड, चुना, अंड्यातील पांढरा भाग आणि वनस्पतींचे रस यांच्या मिश्रणाने घोटली आहे असे सांगतात. शतके लोटली तरी तिची झळाळी उतरलेली नाही.

प्रवेशाची ओसरी म्हणजे पूमुखम. हिच्या लाकडी छतावर नव्वद निरनिराळी फुले कोरली आहेत. छताला साखळीने टांगलेला एक अश्वारूढ दीप आहे. तो ज्या दिशेला वळवावा त्या दिशेला स्थिर राहतो, अशी त्याच्या साखळीची घडण. भिंतीवर ओणमच्या सणात प्रजेने राजाला भेट दिलेली रंगीत धनुष्ये मांडली आहेत, आणि चिनी व्यापाऱ्यांनी नजर केलेली एक खुर्चीही येथेच आहे. वर गेले की मंत्रशाला लागते. तिच्या खिडक्यांना रंगीत अभ्रक बसविले आहे. दुपारचे कडक ऊन त्यातून गाळून येते आणि दालन शीतल राहते. राज्यकारभाराचा सल्ला संतप्त डोक्याने होऊ नये, याची सोय जणू सुतारानेच करून ठेवली होती! जवळच्या मनोऱ्यावर वजनांच्या जोरावर चालणारे जुने घड्याळ आहे. त्याची घंटा एके काळी दूरवर ऐकू जाई.

वाड्याचा सर्वांत जुना भाग म्हणजे ताय कोट्टारम. ‘ताय’ म्हणजे आई, म्हणून हा आईचा वाडा. मधोमध चौक, भोवती पडव्या, चौकात कोसळणारे पावसाचे पाणी. आपल्या चौसोपी वाड्याचीच ही दक्षिणेकडील बहीण. येथील एकांत मंडपात फणसाच्या अखंड लाकडाचा नाजूक कोरीव खांब आहे. तो पाहत उभे राहिले की कोरणाऱ्या हाताची जपमाळच आपण पाहतो आहोत असे वाटते.

पुढे ऊट्टुपुरा, म्हणजे भोजनशाळा. खाली एक आणि वर एक अशी दोन लांबच लांब दालने आहेत. दोहोंत मिळून दोन हजार माणसे एका वेळी पंगतीला बसत आणि त्यांना राजाकडून विनामूल्य भोजन मिळे. लोणच्यांच्या मोठमोठ्या चिनी बरण्या अजून तेथे आहेत. आता या दालनांत ना पाने मांडली जातात, ना वाढप्यांची हाक ऐकू येते. तरी कोणाही गृहिणीने येथे क्षणभर डोळे मिटून दोन हजार पानांचा हिशेब मनाशी करून पाहावा. राजाच्या ऐश्वर्याची कल्पना सिंहासनापेक्षा या रिकाम्या भोजनशाळेतच अधिक येते.

सर्वांत वरचा मजला

परंतु या वाड्याचे मर्म कळते ते उप्परिक्क माळिका या चार मजली इमारतीत. मार्तंड वर्मांनी ती बांधविली. तळमजल्यावर खजिना. त्यावर राजाचे शयनगृह. तेथे चौसष्ट प्रकारच्या औषधी लाकडांचा पलंग ठेवलेला आहे. तो डच व्यापाऱ्यांनी भेट दिला असे सांगतात. त्याच्याही वर राजाची विश्रांतीची व उपासनेची जागा. आणि सर्वांत वरच्या मजल्यावर कोण राहत होते? तेथे श्रीपद्मनाभस्वामींचे वास्तव्य मानलेले होते! ते दालन देवाच्या विश्रांतीसाठी राखलेले होते. त्याच्या भिंतींवर पुराणप्रसंगांची अप्रतिम भित्तिचित्रे आहेत. ती जपण्याकरिता तो मजला सर्वसाधारण प्रेक्षकांस खुला नसतो, आणि आम्हांला त्याची खंत वाटली नाही. जे देवाचे म्हणून राखले, ते आजही माणसांच्या गर्दीपासून राखलेलेच आहे.

धन तळाला, राजा त्यावर, आणि देव सर्वांच्या माथ्यावर. एका इमारतीच्या मजल्यांत या राजाने आपले सारे राज्यशास्त्र सांगून टाकले आहे. हे नुसते सांगणेही नव्हते. १७५० च्या जानेवारीत मार्तंड वर्मांनी तिरुवनंतपुरमच्या मंदिरात जाऊन आपली तलवार श्रीपद्मनाभापुढे ठेवली आणि सारे राज्य देवाला अर्पण केले. या दानाला ‘तृप्पडिदानम्’ म्हणतात. देवासमोर ठेवलेली तलवार त्यांनी परत घेतली ती राजा म्हणून नव्हे, ‘पद्मनाभदास’ म्हणून. त्यानंतरचे सर्व राजे हेच बिरुद लावून, देवाचे सेवक म्हणून राज्य करीत आले. समर्थांच्या झोळीत राज्य अर्पण करून भगव्या झेंड्याखाली राज्य चालविणाऱ्या छत्रपतींची कथा आपल्या परंपरेत सांगितली जाते. ती ज्या मातेच्या मांडीवर ऐकली, त्या मराठी मनाला तृप्पडिदानाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

देवीची वाट

वाड्याच्या आवारात सरस्वतीचे छोटेसे मंदिर आहे आणि त्याला लागून नवरात्र मंडप. कोरीव दगडी खांबांची रांग आणि त्यांचे प्रतिबिंब धरणारी तीच काळी जमीन. राजस्त्रियांना आडून गायन-नर्तन पाहता यावे म्हणून जाळीदार लाकडी आडोसा केला आहे. ही सरस्वतीची मूर्ती तमिळ रामायणकार महाकवी कंबन यांच्या नित्यपूजेतील होती आणि त्यांच्याकडून ती राजघराण्याच्या पूर्वजांकडे आली, अशी श्रद्धा आहे. एका कवीचे देवघर एका राजाने सांभाळावे, ही कल्पनाच किती हृद्य!

एके काळी नवरात्राचा सोहळा याच मंडपात होत असे. पुढे १७९५ साली राजधानी पद्मनाभपुरमहून तिरुवनंतपुरमला गेली. दरबार गेला, कचेऱ्या गेल्या, राजाचा मुक्काम हलला. आता प्रश्न उभा राहिला तो देवीचा. तिला जुन्या जागेवरून कायमचे उचलावे, तर मूळस्थान मोडते. तिला तेथेच ठेवावे, तर नवरात्रात राजा एकीकडे आणि देवी दुसरीकडे. या पेचावर जो मार्ग निघाला तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. देवी आपले स्थान सोडणार नाही. मात्र दरवर्षी नवरात्रापुरती ती भक्तांच्या भेटीस जाईल आणि दसरा झाला की आपल्या घरी परत येईल. ती रीत आजतागायत चालू आहे.

स्वारीचा थाट असा असतो. शुचींद्रमहून मुन्नूट्टि नंगै ही पार्वतीस्वरूप देवी पालखीतून येते. वेळीच्या डोंगरावरून कुमारस्वामी येतात. येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडे कार्तिकस्वामींच्या दर्शनाविषयी स्त्रियांना कितीतरी बंधने सांगितली जातात. दक्षिणेत मात्र तेच दैवत मुरुगन म्हणून आबालवृद्धांचे, लेकीबाळींचे लाडके आहे, आणि याच डोंगरांत त्यांनी वल्लीला वरले अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. ही दोन्ही दैवते पद्मनाभपुरमला आली की सरस्वतीची निघण्याची वेळ होते.

आणि येथे तलवार येते. राजाच्या तलवारीला तेथे ‘उडवाळ’ म्हणतात. उप्परिक्क माळिकेत ती बाहेर काढली जाते. ज्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात ती वर्षभर असते, त्याचे अधिकारी केरळच्या मंत्र्यांच्या उपस्थितीत ती देवस्थानच्या अधिकाऱ्यांकडे सुपूर्द करतात. मग ती तलवार पुढे आणि देवीची स्वारी मागे असा क्रम लागतो. सरस्वती हत्तीवर, कुमारस्वामी व नंगैदेवी आपापल्या वाहनांवर, भोवती वाद्यांचा गजर आणि दुतर्फा घराघरांपुढे ओवाळणीचे तबक घेऊन उभ्या असलेल्या सुवासिनी. कुळित्तुरै आणि नेय्याट्टिन्करा येथे मुक्काम करीत स्वारी तिसऱ्या दिवशी तिरुवनंतपुरमला पोहोचते. आषाढीच्या वाटेवर पालख्यांचे मुक्काम ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला मुळीच प्रयास पडणार नाहीत.

या वाटेत एक सीमा आडवी येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली तेव्हा हा सारा कन्याकुमारी परिसर मद्रास राज्याकडे, म्हणजे आजच्या तमिळनाडूकडे गेला. वाडा तमिळनाडूच्या भूमीवर राहिला, परंतु त्याची व्यवस्था केरळ सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडेच ठेवण्यात आली. परिणामी, कधी काळी एकाच राज्यातून जाणारी देवीची वाट आता दोन राज्यांतून जाते. कळियिक्काविळ येथे ती सीमा ओलांडते. दोन्ही राज्यांचे पोलीस तिला मानवंदना देतात. राजकारणाच्या नकाशावर रेघ पडली, पण देवीची वाट मोडली नाही. उलट, आपण ज्याला सीमोल्लंघन म्हणतो ते तिच्या यात्रेत अक्षरशः घडू लागले. तेही वैराने नव्हे, दोन्ही बाजूंच्या नमस्काराने!

नऊ रात्री, नऊ राग

तिरुवनंतपुरमला सरस्वतीचा मुक्काम पद्मनाभस्वामी मंदिराजवळच्या नवरात्र मंडपात असतो. कुमारस्वामी आर्यशाला येथील देवीमंदिरात आणि नंगैदेवी चेंतिट्टा येथील मंदिरात उतरतात. मग नऊ संध्याकाळी शारदेपुढे गायनाची सेवा चालते. स्वाती तिरुनाळ महाराजांनी (१८१३–१८४६) या नऊ रात्रींसाठी रचलेली कीर्तने तेथे गायिली जातात. त्यांचे राग ठरलेले आहेत. शंकराभरणम्, कल्याणी, सावेरी, तोडी, भैरवी, पंतुवराळी, शुद्ध सावेरी, नाट्टकुरंजी आणि आरभी. आपल्याकडे देवीच्या नऊ दिवसांच्या नऊ माळा. तेथे नऊ रागांच्या. मंडपात तेलाचे दिवे तेवत असतात. श्रोते शांतपणे बसतात. टाळ्या वाजविण्याची प्रथा नाही, कारण गायन श्रोत्यांसाठी नाही, देवीसाठी आहे.

या सेवेत दीर्घ काळ केवळ पुरुषच गात असत. २००६ साली पारशाला पोन्नम्माळ या ज्येष्ठ गायिकेने तेथे प्रथम गायन केले आणि स्त्रियांना हे दार उघडले. विद्येच्या देवतेपुढे स्त्रीकंठाची सेवा रुजू व्हायला इतका काळ लागला खरा, पण ती झाली, आणि परंपरा मोडली नाही, वाढली. याच राजघराण्यातील श्रीचित्तिर तिरुनाळ महाराजांनी १२ नोव्हेंबर १९३६ रोजी जाहीरनामा काढून राज्यातील मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली होती. जुने जपायचे म्हणजे दारे लावून घ्यायची नव्हेत, हे या घराण्याने एकदा दाखवून दिले होतेच.

स्वाती तिरुनाळांच्या नावाशी मराठी माणसाचेही नाते आहे. त्यांचे शिक्षक सुब्बाराव हे तंजावरचे महाराष्ट्रीय. तेच पुढे दिवाण झाले. तंजावरहून आलेले कीर्तनकार मेरुस्वामी यांना महाराजांच्या दरबारी मोठा मान होता. व्यंकोजीराजांनी तंजावरी लावलेला मराठी वेल कावेरीच्या काठाहून या पश्चिम किनाऱ्यापर्यंत असा पसरला होता. पुढे त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण म्हणून गाजलेले राजा सर टी. माधवराव हेही त्याच तंजावरी मराठी परंपरेतील. कन्याकुमारीच्या वाटेवरील हा सोहळा आपल्याला दूरचा वाटतो, पण त्याच्या अंगणात आपल्या पूर्वजांचीही पावले उमटलेली आहेत.

विजयादशमीला कुमारस्वामी पूजप्पुरा येथे मृगयेच्या विधीसाठी जातात. केरळभर त्याच दिवशी लहान मुलांना तांदळात बोट धरून पहिले अक्षर गिरवायला लावतात. मग एक दिवस विश्रांती, आणि सरस्वती पुन्हा त्याच वाटेने, तीच सीमा ओलांडून, आपल्या मंदिरात परतते. तलवार पुन्हा जागी जाते. दुसऱ्या दिवसापासून तिकीट घेऊन येणारे प्रवासी पुन्हा वाड्यात हिंडू लागतात.

वस्तू आणि वहिवाट

आता आम्हांस जे सांगावयाचे आहे त्याकडे येतो. १ जुलै १९४९ रोजी त्रावणकोर आणि कोचीन ही संस्थाने एकत्र करण्यात आली आणि राजसत्ता संपली. १९७१ साली देशभरातील राजांचे तनखेही बंद झाले. एकामागून एक राजवाडे वस्तुसंग्रहालये झाले, हॉटेले झाली, काही ओस पडले. संग्रहालय होणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. पद्मनाभपुरमचे लाकूड वाळवी, दमट हवा आणि पावसाच्या माऱ्यात आजवर टिकले ते अहोरात्र काळजी घेणाऱ्या पुरातत्त्व खात्यामुळेच. २०१४ साली या वाड्याचे नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही गेले. तरीही संग्रहालयात ठेवलेल्या वस्तूचे एक दुःख असते. तिच्यावर धूळ बसत नाही, पण तिच्यावर हातही फिरत नाही. भोजनशाळेतील बरण्या आहेत, लोणचे नाही. पलंग आहे, निद्रा नाही. आणि जेथे मूर्ती नुसती पाहण्यासाठी असते, तेथे ती हळूहळू मूर्तीची वस्तू होऊन जाते.

पद्मनाभपुरमला असे झाले नाही. त्याचे कारण त्या वाड्याच्या मजल्यांत दडलेले आहे असे आम्हांस वाटते. ज्याने आपले सर्वस्व आधीच देवाचे म्हणून लिहून दिले, त्याच्याकडून काळाने काढून घ्यावे असे काय उरते? राजा गेला, सिंहासन गेले, भूमी दुसऱ्या राज्यात गेली. सेवा तेवढी उरली, कारण ती राजाची मालमत्ता कधीच नव्हती. तीच तलवार, जी एरवी कपाटात ठेवलेला एक जुना नमुना ठरली असती, ती आज लोकनियुक्त मंत्र्यांच्या साक्षीने हातोहात दिली जाते आणि देवीपुढे चालते. २०२० साली महामारीने सारे जग घरात कोंडले, तेव्हाही गाजावाजा आवरून, मोजक्या माणसांनिशी ही स्वारी निघाली. वस्तू जपायला कुलूप लागते. वहिवाट जपायला पाऊल उचलावे लागते.

हा विचार घेऊन आपण आपल्या घराकडे पाहू या. गावातील वाडा बंद पडला आहे. मुले मुंबई-पुण्यास, कोणी समुद्रापलीकडे. थोरल्या घरचे देव कोणाकडे असावेत याचा प्रश्न भावाभावांत उभा राहतो. चांदीचे टाक सुरक्षित राहावेत म्हणून बँकेच्या लॉकरात जातात आणि नवरात्राच्या नऊ दिवसांतही कित्येकदा तेथेच राहतात. त्यांची चोरी होत नाही हे खरे, पण त्यांना गंध-अक्षताही लागत नाहीत. एखाद्या घरी देव्हारा शोभेसाठी दिवाणखान्यात मांडलेला असतो. पाहुणे त्याच्या कोरीवकामाची वाखाणणी करतात आणि आत दिवा मात्र लागलेला नसतो. ही सुद्धा एक प्रकारची संग्रहालयेच होत. त्यांच्या दारावर तिकीट नसते इतकेच.

या पेचातून निघण्याची वाट दोन शतकांपूर्वी त्या दक्षिणेकडील घराण्याला सापडली. राजधानी बदलली म्हणून त्यांनी देवीचे मूळ घर मोडले नाही, आणि मूळ घर सोडले म्हणून देवीला एकटे पाडले नाही. ती भक्तांकडे येते, नऊ रात्री त्यांच्यात राहते आणि परत जाते. आपल्याकडे हा मार्ग अनोळखी आहे का? कोकणातील चाकरमानी गणपतीला गावी धावतो तो याच भावनेने. मग कुळाचाराच्या बाबतीत हात का आखडावा? टाक वर्षभर कोठे असावेत हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे. पण प्रतिपदेला ते पेटीतून बाहेर यावेत, नऊ दिवस कोणाच्या तरी घरी त्यांच्यापुढे दिवा लागावा, आणि पुढल्या वर्षी तो मान दुसऱ्या भावाकडे, बहिणीकडे, लेकीकडे जावा. ज्याच्या हाती ते दिले जातील त्याने ते मालक म्हणून नव्हे, सेवक म्हणून घ्यावेत. तलवार घेणाऱ्या त्या राजाप्रमाणे.

कन्याकुमारीला जाणाऱ्यांनी तक्कलैच्या वळणावर अवश्य थांबावे, पादत्राणे बाहेर ठेवून तो लाकडी वाडा पाहावा, भोजनशाळेत उभे राहून अन्नदात्याला मनोमन नमस्कार करावा, आणि सरस्वतीच्या मंदिरापुढे मस्तक टेकावे. आणि ज्यांना इतक्या दूर जाणे शक्य नाही त्यांनी दशमीच्या सकाळी पाटीवर सरस्वती काढताना एवढेच स्मरण ठेवावे की त्याच दिवसांत एक शारदा आपल्या घरापासून दूर, भक्तांच्या मध्ये बसलेली आहे आणि तिला परतीची वाट ठाऊक आहे. आपल्या देव्हाऱ्यातील देवांनाही येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे. श्रीशारदेच्या कृपेने ती वाट प्रत्येक घरी मोकळी राहो, आणि नंदादीपाची वात सारणारा हात एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहो, हीच या नवरात्रात आमची प्रार्थना.